नव्या मशीनची पूजा

माणसाला कामावरून काढायचंय, तर निदान तोंडावर सांगायची हिंमत ठेवा ना! आमच्या सातपूरच्या कारखान्यात नवं मशीन आलं. खंडेनवमीला मॅनेजरनं सर्वांत जुन्या गांगुर्डेकाकांच्या हातून त्याची पूजा करवली. काकांनी हौसेनं झेंडूचं तोरण बांधलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांना गेटवरच अडवलं. त्यांचं काम आता ते मशीन करणार होतं.

मी मॅनेजरला गाठलं. "साहेब, आधी सांगितलं असतं तर त्यांनी दुसरीकडे काम शोधलं असतं."

"अरे, आधी सांगितलं असतं तर पूजेला बसले असते का ते?"

मी तणतणत गेटवर आलो. काका जेवणाचा डबा धरून तसेच उभे होते. वॉचमन त्यांना म्हणत होता, "काका, बसा इथंच माझ्याजवळ. इतक्या लवकर घरी जाऊन काकूंना काय सांगाल?"