एक्झिट मी चुकवला

नाही, पण मला एक सांगा, माणसाने घरात तक्रार करायचीच नाही का? म्हणजे इथे दुबईत दिवसभर देऱ्याच्या ऑफिसात कंटेनर कुठे अडकला, कागद कुठे अडकले, मॅनेजर कुणावर भडकला हे सगळं झेलून माणूस संध्याकाळी अल कुसैसला घरी येतो, बूट काढतो, चहाचा कप हातात घेतो आणि म्हणतो, "काय उकाडा, काय ट्रॅफिक, आणि त्या मॅनेजरने आज काय छळलंय म्हणून सांगू..." तर समोरून बायकोने काय म्हणायचं असतं? "हो ना!" बास! दोन शब्द! त्या दोन शब्दांसाठीच तर माणूस लग्न करतो! आणि आमच्याकडे काय येतं? आमच्याकडे येतं, "बाकी सब मालूम. तुम क्या किया?"

हिंदीत! डोंबिवलीची बाई, माझ्याशी मराठीत भांडणारी, मराठीत रुसणारी... आणि हे एवढं एकच वाक्य हिंदीत! का? तर ते वाक्य तिचं नाहीच. ते रुकय्याचं आहे. रुकय्या कोण? सांगतो, जरा श्वास घेऊ द्या.

तुम्हाला सांगतो, पूर्वी आमच्या घरात काय सुंदर तक्रारी चालायच्या! मी मॅनेजरबद्दल, आमची विभावरी घरमालकाबद्दल, आमची आभा तिच्या फिजिक्सच्या टीचरबद्दल. "बाबा, शी कान्ट टीच!" की मी लगेच, "नाहीच येत तिला शिकवता!" एकमत! घरात काय शांतता असायची! आणि शनिवारी समोरच्या फ्लॅटमधला सुजीत यायचा, त्याच्याकडे तर दोन देशांच्या तक्रारी. दुबईच्या संपल्या की नागपूरच्या सुरू.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे विभाची ड्रायव्हिंग टेस्ट. इथली टेस्ट म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल तर देव तुमच्यावर प्रसन्न आहे असं समजा. शेजारी वाहतूक खात्याची परीक्षक बाई, मागच्या सीटवर आपापल्या पाळीची वाट बघत पुटपुटणाऱ्या आणखी दोन बायका, आणि पुढे राउंडअबाउट. विभा नापास व्हायची. किती वेळा ते विचारू नका, ड्रायव्हिंग स्कूलचा वॉचमन तिला "कशी आहेस, सिस्टर?" विचारायला लागला होता यावरून काय ते ओळखा. आणि प्रत्येक वेळी घरी आली की काय एकेक कारण! बसने मध्येच कट मारला, मागच्या बाईला शिंक आली, ऊन डोळ्यांवर होतं, परीक्षक बाईचा मूड नव्हता. मी म्हणायचो, "हो ना!" बघा, मी म्हणायचो की नाही?

मग मला चक्कर यायला लागली. उठलो की खोली फिरायची, बसलो की मी फिरायचो. डॉक्टर म्हणाले, कानाचा प्रॉब्लेम आहे, काही महिने गाडी चालवायची नाही. खलास! मी मेट्रोने ऑफिसला जाईन हो, पण आभाचं बारावीचं वर्ष, तिचे क्लास एकीकडे, प्रॅक्टिकल दुसरीकडे, आणि रोज टॅक्सी म्हटल्यावर मी मनातल्या मनात दिरहॅमचे रुपये करायला घेतले, तर चक्कर दुप्पट.

म्हणून विभा परत टेस्टला गेली. परत नापास. पण या वेळी परीक्षक होती ती रुकय्या. युनिफॉर्म कडक, चेहरा त्याहून कडक. विभाने गाडीतून उतरताना तिला सगळं ऐकवलं. तो पिकअपवाला असा घुसला, तो बसवाला तसा थांबला, मागच्या सीटवरची बाई मोठ्याने दुआ म्हणत होती, माझं लक्ष गेलं, घरी नवरा आजारी... रुकय्याने सगळं ऐकून घेतलं म्हणे. शांतपणे. आणि मग म्हणाली, "बाकी सब मालूम. तुम क्या किया?"

एवढंच! ना आवाज चढवला, ना उपदेश केला. आणि तुम्हाला सांगतो, आमची विभा, जी कुणाचं शेवटचं वाक्य शेवटचं राहू देत नाही, तिने सरळ घरची वाट धरली! घरी आली, पर्स ठेवली, सोफ्यावर बसली. मी तयारच होतो, म्हटलं, "काय, परीक्षक बाई वाईट होती ना?" तर म्हणते, "नाही. मी डावीकडे बघितलंच नाही."

मी गार! म्हटलं, अगं, बसवाला? "बसवाला होता. पण मी घाबरले की फक्त समोर बघते. आजूबाजूचं काही बघतच नाही. दर वेळी तेच होतंय हो. बस वेगळी, बाई वेगळी, मी तीच."

आता यावर नवऱ्याने काय बोलायचं? "हो ना" म्हणायची सोय आहे का? म्हटलं तर मार खायची पाळी!

दुसऱ्या दिवशी ती स्कूलमध्ये जाऊन तिथल्या मल्याळी इन्स्ट्रक्टर बाईंना म्हणाली, मला फक्त माझ्या चुका सांगा, दुसऱ्या गाड्यांच्या नकोत. त्या बिचाऱ्या घाबरल्या, "मॅडम, एव्हरीथिंग ओके?" त्यांना असं कुणी कधी विचारलंच नव्हतं! आणि मग घरात सराव. स्वयंपाक करताना आरसा, डावा खांदा, उजवा खांदा. भाजीला फोडणी, डावा खांदा. पोळी उलटली, उजवा खांदा. आभा म्हणाली, "मॉम, यू लूक लाइक अ पिजन." तर म्हणते, "दिसू दे. कबुतर कधी बसखाली येतं का?"

आणि पुढच्या टेस्टला नेमकी परत तीच रुकय्या! मी म्हटलं, झालं, नशीबच फुटकं... तर विभा म्हणाली, "बरंच झालं, तिला माझी चूक माहितीये." आणि पास! हो! रुकय्या फक्त म्हणाली, "मबरूक," म्हणजे अभिनंदन, आणि म्हणे किंचित हसली. आमच्या घरी मात्र मी धरून कुणालाच अजून खरं वाटत नव्हतं. लायसन्स आलं, पण विभा गाडी काढायची ती सुपरमार्केटपर्यंत आणि परत. हायवे? "बघू." बघू म्हणजे इन्शाल्ला!

आणि मग आला आभाचा फिजिक्सचा पेपर. बोर्डाचा! सेंटर अल क्वोजला. म्हणजे आमच्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गोडाउन आणि वर्कशॉप असतात तिकडे. सुजीत सोडणार होता, सगळं ठरलेलं. सकाळी पडदा सरकवतो तर काय... बाहेर काहीच नाही! म्हणजे शब्दशः काही नाही! समोरची बिल्डिंग नाही, पार्किंग नाही, मशिदीचा मिनार नाही. धुकं! वाळवंटात राहूनही धुकं पडतं, आणि पडतं ते असं की आपला हात आपल्याला अनोळखी वाटावा. तेवढ्यात फोनवर वॉर्निंग किंचाळायला लागली, आणि त्यामागोमाग सुजीतचा फोन. "सदानंदराव, मी काय म्हणतो, गरज नसेल तर बाहेर पडू नका म्हणतायत... आणि माझे ब्रेकसुद्धा हल्ली जरा..." टॅक्सीच्या ॲपवर गाडी शोधली, नुसतं चक्र फिरतंय. मी सुरू झालो. सुजीत असा, हवामान खातं तसं, बोर्डाला इतक्या लांबचं सेंटर द्यायची काय गरज होती, आणि या चकरेला माझाच कान सापडला का... बोलता बोलता बघतो तर विभा दारात उभी. पायात बूट, हातात गाडीची किल्ली.

"आभा, चल."

"विभा, हायवे आहे!"

"मला माहितीये."

बसलो. मी पुढे, आभा मागे. तुम्हाला सांगतो, शेख मोहम्मद बिन झायेद रोडला लागलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एरवी इथे गाड्या कशा असतात? पेटलेल्या रॉकेटसारख्या! आणि आज सगळ्या कशा, तर फक्त लाल ठिपके. पुढे दोन, बाजूला एक, आणि मध्येच धुक्यातून एखादा ट्रक असा उगवायचा की जणू चालता डोंगर. विभाचं आपलं सुरू. आरसा, डावा खांदा, उजवा खांदा, समोर. आरसा, डावा खांदा, उजवा खांदा, समोर. मी ब्रेक दाबत होतो. माझ्या बाजूला ब्रेक नाहीये, तरी दाबत होतो!

आणि तेवढ्यात आमच्या उजव्या हाताला एक हिरवा बोर्ड धुक्यातून वर आला, अल क्वोज... आणि गेला. आम्ही सरळ. एक्झिट मागे. पुढे रस्ता कुठला? अबुधाबीचा!

इथे एक्झिट चुकणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळतं. आपल्याकडे काय, पानवाल्याला विचारलं, यू टर्न मारला, आलो. इथे एक्झिट चुकला की माणूस दुसऱ्या अमिरातीत जाऊन पोचतो. मागून आभा रडायलाच लागली, "इट्स ओव्हर, मॉम! दे विल क्लोज द गेट! इट्स ओव्हर!" आणि मी? मी सुटलो! बोर्ड इतक्या उशिरा लावतात का, मोबाइलवरची ती बाई वेळेवर बोलत का नाही, तो ट्रकवाला बाजूलाच चिकटून का चालला होता, सुजीत आला असता तर...

आणि विभा म्हणाली, समोरून नजर न काढता, अगदी दूध आणायला सांगावं तशा आवाजात, "एक्झिट मी चुकवला. ट्रकला घाबरून मी वेळेवर लेन बदलली नाही. पुढचा घेते."

बास.

काय सांगू तुम्हाला! मी चुकले, हे आमच्या खानदानात आजवर कुणी ऐंशीच्या स्पीडला म्हटलेलं नाही! थांबून म्हटलेलं नाही! आणि तसं म्हणून टाकून ती मोकळी झाली होती हो... तिला आता कुणाशी भांडायचं नव्हतं, कुणाला पटवायचं नव्हतं, तिच्याकडे फक्त पुढचा रस्ता होता. मी तिच्याकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी या बाईला बघितलं होतं का नीट? की मीसुद्धा फक्त समोरच बघत होतो?

"आभा," ती म्हणाली, "गाडी माझं काम आहे. ते मी करते. तू तुझं काम कर. डोळे मीट आणि फॉर्म्युले म्हण. मोठ्याने."

आणि मागून हळूहळू, हुंदके देत, मग हुंदक्यांशिवाय, आभाचा आवाज यायला लागला. करंट, व्होल्टेज, कपॅसिटरचा फॉर्म्युला... बाहेर सगळं पांढरं, आत ते पोरीचं म्हणणं, आणि मध्ये विभाचा टिक टिक इंडिकेटर. गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटलं मला. खरं सांगतो, मी हात जोडले होते. कुणाला, ते माहीत नाही!

पुढचा एक्झिट तिने वेळेवर घेतला. लेन आधीच बदलून, खांद्यामागे बघून, शांतपणे. वळसा घालून, गोडाउनांच्या मधून, शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा गार्ड फाटक ओढतच होता. आभा धावली. तिची पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली, पण ती आत गेली आणि फाटक लागलं. मी ओरडलो, "पोचली! विभा, पोचली!"

विभाने गाडी नीट पार्क केली. रिव्हर्समध्ये, रेषांच्या बरोबर मध्ये. इंजिन बंद केलं. आणि मग उतरेचना. बघतो तर तिचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. घट्ट! एक एक बोट मी सोडवलं तिचं. गार पडली होती बोटं.

"अहो," म्हणाली, "मी फार घाबरले होते."

"मग दिसलं कसं नाही?"

"घाबरलेच होते. पण बघायचं होतं ना सगळीकडे."

आणि तिथे, एका टायरच्या दुकानासमोर, धुक्यात, आमच्या विभाला रडू फुटलं. आणि तुम्हाला सांगतो, मला एकही शब्द सुचला नाही. "हो ना"सुद्धा नाही. नुसता तिचा हात धरून बसलो.

पुढे काय? पुढे निकाल लागला. फिजिक्सला आभाला मार्क कमी पडले. मी आपला लगेच सरसावलो, म्हटलं, धुकं होतं, उशीर झाला, टेन्शन आलं, आणि ती टीचर तर... तर कार्टी म्हणते कशी, "नो, बाबा. मॉम गॉट मी देअर ऑन टाइम. आय स्किप्ड ऑप्टिक्स. दॅट्स ऑन मी." आणि स्वतःच इम्प्रूव्हमेंटचा फॉर्म भरून मोकळी! घरातला माझ्या बाजूचा शेवटचा माणूस गेला हो! आता मी सुजीतकडे जाऊन बसतो, पण तिथेही मजा नाही, तो तक्रार करायला लागला की माझ्याच कानात रुकय्या म्हणते, बाकी सब मालूम... आणि मी त्या बाईला आयुष्यात पाहिलेलं नाही!

आता माझी चक्कर गेली, डॉक्टरांनी परवानगी दिली, मी परत गाडी चालवतो. परवा देऱ्याला निघालो, विभा शेजारी. एका लँड क्रूझरवाल्याने असा कट मारला, असा कट मारला की माझ्या जिभेवर अस्सल डोंबिवलीची शिवी आली. विभाने माझ्याकडे मान वळवली. नुसतं बघितलं. आणि माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात बाहेर काय आलं? "मीच जरा जास्त जवळ गेलो होतो."

शिवी गिळावी लागली. तेव्हापासून छातीत जळजळतंय, रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी चालू आहे. आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो... मिसळीवर कट जास्त मीच घेतो.