वाटी शोधताना सापडलेलं नाणं

माझ्या मंगळसूत्राची एक वाटी इथे मस्कतला समुद्रावर पडली, ते सांगितलं ना? सासूबाईंनी दिलेली वाटी, त्यामुळे माझी झोपच उडाली. नवऱ्याने गाला भागातल्या त्याच्या गॅरेजमधून अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, मेटल डिटेक्टर मागून आणला. वाळूवर डिटेक्टर किंचाळला आणि मीही! निघालं सोन्याचं नाणं, कुण्या राजाचं डोकं असलेलं.

"वाटीऐवजी हेच ओव," नवरा म्हणाला.

"गप्प बस, जेलमध्ये टाकतील!"

सकाळीच संग्रहालयात नेऊन दिलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "रोमन आहे. हे भोक बघा. कुणीतरी गळ्यात घालत असणार."

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. हे नाणं हरवलेली तीही इथेच वाळू चाळत बसली असेल का?

संध्याकाळी सासूबाईंना फोनवर सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "वाटी राहू दे गं. त्या बिचारीची सासू कशी होती, कुणास ठाऊक!"