आज किती पडला?

नाही नाही, तिथे नका खणू भाऊ—तिथे वारा घुमतो. आणि तिकडेही नको, झाडाची टिपं पडतात. मी काही तुमच्या यंत्राच्या वाईटावर नाही हो, पण घाई कसली? चहा घ्या आधी. पाऊस आपोआप मोजतं म्हणता, आपोआप कळवतं म्हणता—मग मी काय करायचं, त्याची राखण?

तसं माझं काम ते काय—सकाळी डब्यात साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळ्यासमोर धरायचं, आकडा वाचायचा. पण पाऊस हल्ली सरळ वागतो कुठे? पूर्वी पाहुण्यासारखा यायचा, चार दिवस राहायचा. आता तासाभरात सगळं ओततो नि मग महिना महिना तोंड दाखवत नाही. म्हणून तर पाटकऱ्याला रोज आकडा लागतो—पाटकरी म्हणजे तो हो, कालव्याची दारं उघडतो-मिटतो तो. माझ्याकडे जास्त पडला की तो पाणी कमी सोडणार, कमी पडला की जास्त. फोनवर? येतं की विचारता! पण त्याला म्हणे फोनवर नीट ऐकू येत नाही. आणि इथे आत चहाचं भांडं ठेवलं तर फाटकातून ऐकू येतं!

पहिल्यांदा आला तो भांडायलाच. ऐन उन्हाळा, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि माझ्या मापात बारा मिलिमीटर! मी आपलं दिसलं ते कळवलं, त्याने पाणी तोडलं, मळेवाले त्याच्या अंगावर. आला तणतणत—“बाई, पाऊस काय फक्त तुमच्याच अंगणात पडतो?” म्हटलं, “मापाला विचारा.” राहिलो उभे दोघं मापाशी, उन्हात, एकमेकांकडे पाठ करून. आणि शेजारच्या मळ्यातला फवारा वाऱ्याने वळला की हो इकडे—दोघंही चिंब! तोंड पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला, तर तोही निथळतोय. मी इतकी हसले, इतकी हसले... हे गेल्यापासून तशी हसले नव्हते.

तर ते असो. तेव्हापासून रोज येतो. “आज किती पडला?” “शून्य.” “बरं.” संपलं. मग आता आलाच आहे म्हणून चहा, बसलाच आहे म्हणून चार गोष्टी—परवा शर्टाचं बटण लावून दिलं, म्हणजे सुई हातातच होती म्हणून हो! लेक म्हणते, “आई, शून्य सांगायला तासभर लागतो?” लागतो एखाद्याला!

आता तुमचं यंत्र परस्पर त्याला आकडा पाठवणार. मग तो कशाला येतोय इथे? ...मला काय, तेवढीच साखर वाचेल.

काय म्हणालात? कालवा बंद? मोठं दारच दुरुस्तीला काढलंय—आठवडा झाला, थेंब सोडलेला नाही? काहीतरीच! अहो, कालच तर येऊन गेला. शून्य म्हटलं तर म्हणाला, “मग आज जरा जास्त सोडतो.”

...कुठून सोडतो?

...

लावा हो भाऊ तुमचं यंत्र, हवं तिथे लावा. पण लवकर आटपा नि निघा बघू—त्याची यायची वेळ झालीय.