अमेरिकन नटाचं गोत्र

अरे, हसा खुशाल, पण आमच्या डोंबिवलीच्या घरात एका अमेरिकन नटासाठी सत्यनारायण झालाय! त्याच्या डॉक्टरवाल्या मालिकेत हिंदीत त्याचा आवाज मी देतो ना, सहा वर्षं. तर एका भागात त्या डॉक्टरला गोळी लागली आणि पुढचे भाग डबिंगला आलेच नाहीत. तो मेला तर माझं काम गेलं. नेटवर शोधायची माझी हिंमत होईना. आईने मात्र थेट बाळकुमच्या गुरुजींना बोलावलं.

संकल्पाला गुरुजी म्हणाले, "गोत्र?"

"आमचं नको, त्या नटाचं लावा," आई म्हणाली. " अमेरिकेतला आहे हो, टीव्हीत काम करतो."

गुरुजी अजिबात गडबडले नाहीत. "माहीत नसलं की काश्यप," म्हणाले आणि मला पाणी सोडायला लावलं.

पूजा आटोपल्यावर त्यांनी मालिकेचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"अहो, तो तर मरतो! मी सगळी इंग्रजीतून बघितलीय."

आई मटकन खाली बसली. "आधी नाही का सांगायचं? सव्वा किलोचा शिरा केला मी!"

"रडताय काय वहिनी," गुरुजींनी शिऱ्यासाठी द्रोण पुढे केला. "पुढच्या सीझनला त्याचा जुळा भाऊ येतो. नट तोच, गोत्र तेच!"