मच्छिंद्रची बेल्जियन बादली

...अरोमा म्हणे! तुम्हाला सांगतो, वासाला वास म्हणायचीही सोय राहिली नाही आमच्या खोलीत! इथं आखातात, अल नस्रमधली दोन माणसांची खोली. मी हरिदास, एसी दुरुस्त करणारा, आणि हा मच्छिंद्र, ऑफिसात बसणारा. गेल्या महिन्यात तिसरी आली ती बादली! काय आहे तिच्यात? बिअर. तीही साधी नाही, बेल्जियन! अरे, करकंबचा तू, तुझा बेल्जियमशी संबंध काय? आणि हा देश कुठला, इथला कायदा काय... सापडलो तर खलास, थेट विमानात! माझी चौदा वर्षांची नोकरी, पोरगी बारावीला... आणि मी पीतही नाही हो!

ऑगस्टचा महिना, बादली लागली फसफसायला. आधी केळ्याचा वास, मग लवंगेचा, तिसऱ्या दिवशी तर वाटलं, पिकली केळी लवंगा टोचून कुणीतरी मोज्यात भरून ठेवलीत! हा म्हणतो, 'हरिदास, यीस्टला गरम होतंय रे, म्हणून ते जास्त अरोमा सोडतंय. एसी अठरावर कर.' अठरा! मला ताप आला तेव्हा सव्वीसच्या खाली येऊ दिला नव्हता यानं! बादलीला मात्र अठरा, वर ओला टॉवेल... तोही माझा! आणि मी पीतही नाही हो!

गुरुवारी संध्याकाळी दारावर थाप. शफीक, बिल्डिंगचा वॉचमन! 'भाई, ये बू कैसी आ रही है?' मच्छिंद्रचा नुसता आ वासलेला! मला तर एअरपोर्टच दिसायला लागला. तेवढ्यात समोरच्या दारातून जाहिदाभाभी, रत्नागिरीच्या, नाक वर करून म्हणतात, 'या अल्ला! सांदणांचा पीठ फुगवलाव काय ओ भावजी? माज्या आयच्या घरासारका वास येतो!' आता त्यांच्याकडे तांदळाच्या पिठात यीस्ट घालून फुगवतात, वाफवतात, त्याला सांदण म्हणतात, हे मला काय माहीत? पण म्हटलं, 'हो हो, सांदणंच!' शफीक खूश. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? मच्छिंद्रला नेमका तेव्हाच कंठ फुटला. 'उद्या जुम्म्यानंतर अख्ख्या मजल्याला सांदणं आमच्याकडून!' मजल्याला! अरे दीडशहाण्या, इथं तुला चहा येत नाही करता!

बादली संडासात ओतली. मच्छिंद्र रडला, खरंच रडला, घोटभर चाखूसुद्धा दिली नाही मी. खिडक्या उघड्या टाकल्या, तांदळाचा रवा आणला, दुकानातलं साधं यीस्ट आणलं, नारळाचं दूध आणलं, आणि मोबाइलवर बघत बघत बासष्ट सांदणं वाफवली. कुणी? मी! हा पडलाय भिंतीकडे तोंड करून, सुतकात! आणि मी पीतही नाही हो!

शुक्रवारी शफीकनं पाच खाल्ली. जाहिदाभाभींनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं... म्हटलं, सुटलो. तर म्हणतात, 'सांदणां बरी झाली ओ, पन कालचा तो वास नाय आला! पुढच्या जुम्म्याला माज्या नणंदेची मंगनी हाय. तेच यीस्ट घाला, नि दोनशे करा.'

मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी. माझ्या कानात म्हणतो, 'बघितलंस? अरोमाची कदर असते!'

मी हात जोडले. म्हटलं, 'दोनशे करतो, भाभी, पण ते यीस्ट काल देशाबाहेर गेलं.' आणि मनात म्हटलं... नशीब, एकटंच गेलं!