दोन महिने की सहा

फिलिपिन्समधल्या दुमागेते शहराच्या इमिग्रेशन कार्यालयात परदेशी नवऱ्याच्या व्हिसाची मुदत वाढवायला आलेली रोवेना रांगेत धुसफुसत उभी होती. पुढे एक म्हातारी खिडकीतल्या कारकुनाशी बोलत होती.

“नवरा कुठाय, आजी?”

“इस्पितळात. ही डॉक्टरांची चिठ्ठी.”

चिठ्ठी वाचून कारकुनाचा आवाज उतरला. “पाहुणा म्हणून दोन महिने वाढवू? डॉक्टरांनीही तेवढेच...”

“सहा वाढव, बाळा. आणि कायमच्या वास्तव्याचा अर्जही दे.”

“आजी, त्याला फार वेळ लागतो.”

“रोज विचारतो रे तो, ‘आता मी इथलाच ना गं?’”

रोवेनाची धुसफुस थांबली. कारकुनाने कोरा अर्ज पुढे सरकवला.

“सही त्यांचीच लागेल हं.”

“हात थरथरतो त्याचा. करेल सावकाश. आम्हाला कुठं घाई आहे?”