आबांचा कान

आमच्या शेजारच्या आबांपुढे मी कान का पकडतो, ते सांगतो. मळवलीला घरातच मी गिटारवर जुन्या गाण्यांची कव्हर रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकतो. एक मोबाइल, एक साधा माइक, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला आबांकडून आणलेल्या गोधड्या. त्या दिवशी प्रत्येक टेकमध्ये बारीक झर्र येत होतं. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, बायकोला माहेरी फोन करायला अंगणात धाडलं. तरी झर्र! वैतागून नवा माइक मागवणार, तेवढ्यात आबा गोधड्या न्यायला आले.

"माइक बिघडलाय, आबा."

"वाजव बगू."

वाजवलं. आबांनी डोळे मिटले. मग गिटार मांडीवर घेतली, कान टेकवला आणि बोटानं ठोकत सरकत गेले. टक, टक, टक. एका जागी थांबले.

"हितं सुटलंय. तुजा माइक खरं बोलतोय."

मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. लाकडी पट्टी केसभर सुटलेली!

"आबा, गिटार कधी शिकलात?"

"आज पैल्यांदा हातात धरली. रेल्वेत तीस वर्षं रुळांवर हातोडी मारत चाललोय. रूळ धरणारी चावी ढिली झाली, तर दिसायच्या आदी ऐकू येती. न्हाई ऐकली, तर मागनं माणसांनी भरलेली गाडी येत असती."

आता प्रत्येक व्हिडिओ आधी आबांना ऐकवतो. ते डोळे मिटतात. "सोड गाडी" म्हणाले, तरच मी बटण दाबतो.